परगांवचा सामना, घरची तयारी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें देवळाचा पूर्वेतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो इतिहास या पुस्तिकेंत आमच्याहून अधिकारी अशा लेखणींनीं सांगितला आहे. आमच्या वांट्यास तरुणांचा विषय आला आहे. तरुणांस उपदेश फारसा रुचत नाहीं, खेळाची गोष्ट मात्र रुचते. म्हणून आज आम्ही एका कॉलेजाच्या फुटबॉल संघाची गोष्ट सांगणार आहों. ती सामन्याची कमी, आणि सामन्याच्या तयारीची अधिक आहे. सामना एका दुपारीं आटोपला. तयारीस मात्र कित्येक महिने लागले. आणि आमच्या मतें या गोष्टीचें सारें मर्म त्या महिन्यांतच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना हें एक. त्याच्या उत्तर भागांत, साउथ बेंड शहराला लागून, दोन लहान तळ्यांच्या कांठीं नोटर डेम विद्यापीठ वसलें आहे. १८४२ सालीं पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन कांहीं ब्रदरांसह तेथें आले आणि त्यांनीं ही शाळा मांडली. तिला त्यांनीं पवित्र मातेचें नांव दिलें. फ्रेंच भाषेंत त्या नांवाचा अर्थ 'आमची स्वामिनी' असा होतो. १८७९ च्या एप्रिलांत मुख्य इमारत आगींत भस्म झाली. फादर सोरिन त्या वेळीं पासष्ट वर्षांचे होते. तरी ते खचले नाहींत. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नव्या इमारतींत वर्ग पुन्हां सुरू झाले. याच पवित्र क्रूस संघाचे मिशनरी १८५३ सालापासून पूर्व बंगालांत काम करीत आले आहेत. तेव्हां त्यांचें नांव आपल्या या खंडास परकें नाहीं.

आमची गोष्ट १९१३ सालची आहे. त्या काळीं नोटर डेम हें कांहीं मोठें नांव नव्हतें. आयर्लंड, जर्मनी, पोलंड अशा देशांतून पोटासाठीं आलेल्या कॅथलिक कुटुंबांचीं मुलें तेथें मोठ्या संख्येनें शिकत. कित्येकांस शिकतां शिकतां काम करून पैसे मिळवावे लागत. शेजारच्या मोठ्या विद्यापीठांचा एक क्रीडासंघ होता. त्यानें नोटर डेमला आपल्यांत घेतलें नाहीं. १९१० सालीं मिशिगन विद्यापीठानें ठरलेला सामना ऐन वेळीं रद्द केला. खेळाडूंच्या पात्रतेविषयीं वाद आहे, असें कारण देण्यांत आलें. त्या वादाच्या पाठीमागें कॅथलिकांविषयींचा आकसही कांहीं अंशीं होता, असें अनेक इतिहासकार मानतात. कारण कांहींही असो, परिणाम एकच झाला : शेजाऱ्यांनीं दार लावून घेतलें, आणि खेळावें तर कोणाशीं, हा प्रश्न उभा राहिला.

१९१३ सालीं जेसी हार्पर नांवाचे गृहस्थ तेथें क्रीडाप्रमुख व फुटबॉलचे शिक्षक म्हणून आले. शेजारचें दार बंद असेल तर दूरचें ठोठवावें, असा त्यांनीं विचार केला. त्यांनीं दूरदूरच्या कॉलेजांस पत्रें लिहिलीं. त्यांतलें एक पत्र वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयास गेलें. तें विद्यालय न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या कांठीं आहे, आणि अमेरिकेच्या सैन्याचे अधिकारी तेथें तयार होतात. त्यांचा फुटबॉल संघ देशांतल्या नामांकित संघांपैकीं एक होता. त्यांनीं सामना मान्य केला आणि प्रवासखर्चासाठीं एक हजार डॉलर देऊं केले. दिवस ठरला १ नोव्हेंबर १९१३, शनिवार. आपल्या पंचांगाप्रमाणें तो सकल संतांचा सण होता.

येथें एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो पायानें कमी, हातानें अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे सहा गुण. चेंडू घेऊन धावणाऱ्यास धरून जमिनीवर पाडण्याची मुभा असते. त्यामुळें पूर्वीं हा खेळ म्हणजे धिप्पाड गड्यांची रेटारेटी झाला होता. एका बाजूनें एकवटून मुसंडी मारावी, दुसरीनें भिंतीसारखें उभें राहावें. १९०५ च्या हंगामांत कित्येक तरुण या रेटारेटींत प्राणांस मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्या वर्षीं प्रमुख कॉलेजांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्यास बजावलें. १९०६ सालीं नियम बदलले, आणि त्यांत एक नवी मुभा आली : चेंडू हातानें पुढें फेकून आपल्या गड्याकडे देतां येऊं लागला.

ही मुभा सर्वांस सारखीच होती. पण तिचा उपयोग करण्याचें धाडस फार थोड्यांस झालें. फेक फसली तर दंड जबर होता. शिवाय पुढें चेंडू फेकणें हें मर्दाचें काम नव्हे, असेंही कित्येकांस वाटे. ज्यांनीं धाडस केलें त्यांत पहिले होते सेंट लुइस विद्यापीठाचे विद्यार्थी. हें विद्यापीठ जेझुइट धर्मगुरूंचें. त्यांचे शिक्षक एडी कोकम्स यांनीं १९०६ च्या उन्हाळ्यांत संघास विस्कॉन्सिन संस्थानांतील एका तळ्याकांठीं नेलें आणि तेथें फेकीचाच अभ्यास करविला. नंतर ५ सप्टेंबर रोजीं परक्या मैदानावर कॅरल कॉलेजाशीं झालेल्या सामन्यांत ब्रॅडबरी रॉबिन्सन यानें नव्या नियमांखालची पहिली फेक केली. ती फसली, आणि चेंडू प्रतिपक्षास मिळाला. तरी त्यांनीं पुन्हां फेक केली, आणि ती जॅक श्नायडर यानें झेलली. त्या हंगामांत हा संघ एकही सामना हरला नाहीं. पहिली फेक फसली म्हणून त्यांनीं ती विद्या सोडून दिली असती, तर आजच्या आमच्या गोष्टीसही कदाचित् जागा राहिली नसती.

आतां १९१३ च्या उन्हाळ्याकडे वळूं. नोटर डेमच्या संघाचा कर्णधार होता कनूट रॉक्नी. त्याचा जन्म नॉर्वे देशांतला. पांच वर्षांचा असतां तो आईबापांबरोबर शिकागो शहरीं आला. शाळा सुटल्यावर त्यानें कांहीं वर्षें पोस्टांत नोकरी केली, पैसे सांठविले, आणि बाविसाव्या वर्षीं कॉलेजांत पाऊल टाकलें. धर्मानें तो ल्यूथरपंथी होता. कॅथलिक कॉलेजानें एका प्रॉटेस्टंट तरुणास आपला कर्णधार केलें, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्याचा मित्र गस डोराइस हा संघाचा सूत्रधार. तो अंगानें ठेंगणा व हलका होता, पण त्याचा हात अचूक होता.

सुट्टींत हे दोघे ओहायो संस्थानांतील ईरी सरोवराच्या कांठीं, सीडर पॉइंट नांवाच्या हवा खाण्याच्या ठिकाणीं, मजुरीस गेले. पोटासाठीं काम करावें, आणि काम सुटलें कीं वाळूंत चेंडू घेऊन उतरावें, असा त्यांचा क्रम होता. रॉक्नीनें निरनिराळ्या वाटांनीं धांवावें, मध्येंच वळावें; डोराइसनें तो जेथें पोहोंचणार तेथें आधींच चेंडू टाकावा. पूर्वीं झेलणारा गडी उभा राहून चेंडू छातीशीं कवटाळीत असे. रॉक्नीनें धांवतां धांवतां, पाऊल न अडखळतां, सैल हातांनीं चेंडू घेण्याची संवय केली. ऐकावयास ही गोष्ट लहान वाटते. परंतु उभ्या राहिलेल्या गड्यास गांठणें सोपें असतें. वेगांत असलेला गडी चेंडू घेतो आणि तसाच निसटतो. सारा फरक त्या एका संवयींत होता. वाळूंत धांवणें किती कष्टाचें असतें, हें आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांस सांगावयास नको. तेथें टाळ्या वाजविणारें कोणी नव्हतें.

या दोघांच्या उन्हाळ्याची कथा पुढें इतकी गाजली कीं जणूं त्यांनींच ही विद्या शोधून काढली, असा समज पसरला. तो खरा नाहीं, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. शिवाय हार्पर यांच्या वांट्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. दोन मित्रांनीं वाळूंत साधलेली गोष्ट अकरा जणांच्या अंगीं मुरविणें, कोणीं कोणास अडवावें, कोणीं रिकाम्या जागेंत धांवावें, चेंडू केव्हां फेकावा आणि केव्हां फेकण्याचें नुसतें सोंग करावें, हें सर्व घोटून घेणें हें शिक्षकाचें काम होतें. त्या शरदांत हार्पर यांनीं तें केलें. ऑक्टोबरांत त्यांच्या संघानें ओहायो नॉर्दर्न, साउथ डकोटा आणि अल्मा या तीन संघांस घरच्या मैदानावर हरविलें; पहिला सामना तर ८७ विरुद्ध ० असा झाला. परंतु घरच्या मैदानावरील विजयानें पूर्वेकडे कोणाचें लक्ष वेधलें नाहीं. वेस्ट पॉइंटचे लोक नोटर डेमकडे हंगामांतला एक साधा पाहुणा म्हणूनच पाहत होते.

गुरुवारीं, ३० ऑक्टोबरास, संघ आगगाडीनें निघाला. अंतर आठशें मैलांच्या घरांत. बरोबर खेळाडू अवघे अठरा. कॉलेजाच्या भोजनगृहांतून शिदोरी बांधून दिली होती, आणि प्रत्येकानें आपलें सामान आपणच उचललें होतें, अशी आठवण सांगतात. खिळ्यांचे बूट चवदाच जोड होते, असेंही सांगतात. म्हणजे सर्वच्या सर्व एकदम मैदानांत उतरूं म्हणाले असते तर चौघांनीं अनवाणी राहावें! एक हजार डॉलरांत इतक्या लोकांचा येण्याजाण्याचा खर्च भागवावयाचा होता. हरल्यास 'गेले आणि नाक कापून आले' असें म्हणावयास शेजारी तयारच होते, आणि पुढें दुसरें कोणी मोठें कॉलेज बोलावील याची खात्री नव्हती. आपल्या मंडळींतील ज्यांनीं उसन्या बुटांवर तालुक्याचे सामने खेळले आहेत, त्यांस त्या गाडींतल्या तरुणांच्या मनांत काय चाललें असेल हें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

सामन्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लष्करी विद्यालयाचे गडी वजनानें भारी होते, आणि आरंभीं रेटारेटींत ते वरचढ ठरूं लागले. मग डोराइसनें फेक सुरू केली. रॉक्नी पुढें सांगत असे कीं त्यानें कांहीं वेळ लंगडल्याचें सोंग केलें; त्यामुळें त्याच्यावर नजर ठेवणारा गडी गाफील राहिला, आणि हा एकाएकीं वेगानें सुटला तेव्हां त्याच्या आसपास कोणीच नव्हतें. चेंडू त्याच्या हातांत आला आणि पहिले गुण नोटर डेमचे झाले. पण यजमान मागें हटणारे नव्हते. त्यांनीं तेरा गुण मिळविले. अर्धा खेळ संपला तेव्हां नोटर डेम १४, लष्कर १३, असा अटीतटीचा हिशेब होता. उत्तरार्धांत यजमानांस एकही गुण मिळाला नाहीं, पाहुण्यांनीं एकवीस मिळविले. फेक अडवावयास गडी पांगले कीं मध्यें वाट पडे, आणि त्या वाटेनें रे आयकनलॉब हा दणकट गडी चेंडू घेऊन घुसे. ती वाट बुजवावयास ते एकवटले कीं चेंडू पुन्हां त्यांच्या डोक्यावरून जाई. शेवटीं ३५ विरुद्ध १३. डोराइसच्या सतरा फेकींपैकीं चवदा साधल्या आणि त्यांनीं २४३ यार्ड मिळविले, असा आंकडा सामान्यतः दिला जातो. दुसऱ्या दिवशीं पूर्वेकडील वृत्तपत्रांनीं या अनोळखी कॉलेजाची मोठी वाखाणणी केली.

बंधुभगिनींनो, येथें टाळ्या वाजवून गोष्ट संपविली तर तिचा अर्धा बोध हातचा जाईल. हरलेल्यांनीं काय केलें तें पाहा. लष्करी विद्यालयानें रुसून दार लावलें नाहीं. ज्या विद्येनें आपणांस हरविलें ती त्यांनीं उचलली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नौदलाच्या विद्यालयाविरुद्ध तिचा उपयोग करून २२ विरुद्ध ९ असा विजय मिळविला. पुढच्या वर्षीं त्यांनीं नोटर डेमला पुन्हां बोलावलें आणि या खेपेस २० विरुद्ध ७ असें हरविलेंही. शेजाऱ्यानें वैर धरलें, आणि दूरच्या प्रतिस्पर्ध्यानें मैत्री केली! ती मैत्री मैदानावर दीर्घकाळ टिकली. नोटर डेमनें त्या १९१३ च्या हंगामांत वेस्ट पॉइंटनंतर आणखी तीन सामने परगांवीं खेळले, पेनसिल्व्हेनियापासून टेक्सासपर्यंत मजल मारली, आणि सातही सामने जिंकले.

रॉक्नीचें पुढें काय झालें, हें ऐकण्यास आपली मंडळी उत्सुक असेल. १९१८ सालीं तो हार्पर यांच्या जागीं शिक्षक झाला आणि तेरा हंगामांत त्याचे संघ अवघे बारा सामने हरले. परगांवच्या सामन्यास गेलें असतां पहांटे त्याचे खेळाडू हॉटेलांतून गुपचूप निघून मिस्सेला जात, हें पाहून तो विचारांत पडला, असें त्याच्याविषयीं सांगतात. २० नोव्हेंबर १९२५ रोजीं, नोटर डेमच्या लांकडी ओंडक्यांच्या लहानशा प्रार्थनामंदिरांत, त्यानें कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. पंधरा वर्षांपूर्वीं तो त्या आवारांत आला तेव्हांच कोणीं त्याच्यावर धर्माची सक्ती केली असती, तर कदाचित् तो परत पोस्टांतच गेला असता. त्या मुलांनीं त्यास एका शब्दानेंही उपदेश केला नव्हता. ३१ मार्च १९३१ रोजीं कॅन्सास संस्थानांत विमानाच्या अपघातांत त्यास मृत्यु आला. त्याचें वय तेव्हां त्रेचाळीस होतें.

आतां आपल्या घरचें पाहूं. आपल्या धर्मग्रामाची तरुण पिढी ही आज सारी परगांवीं खेळणारी आहे. कोणी रोज पहांटेच्या लोकलनें मुंबईस जातो, कोणी आखातांत, कोणी कॅनडांत. बोटीवर जाणारे आहेत, परक्या शहरांतल्या इस्पितळांत रुग्णसेवा करणाऱ्या भगिनी आहेत. तेथें मैदान दुसऱ्याचें, प्रेक्षक दुसऱ्याचे, आणि पुष्कळदां नियमांचा अर्थ लावणारेही दुसरेच. आपण लहान गांवचे, आपली भाषा निराळी, आपली ओळख कोणास नाहीं, म्हणून मन कचरतें. अशा वेळीं आमच्या तरुणांनीं त्या अठरा जणांची आठवण करावी. त्यांच्यापाशीं ओळख नव्हती, पैसा नव्हता, पुरते बूटही नव्हते. होती ती फक्त आधीं केलेली तयारी.

आपल्याकडे म्हण आहे, 'पी हळद आणि हो गोरी'. मुलाखतीच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडावयाचें, परदेशीं जावयाचें ठरल्यावर भाषा शिकूं लागावयाचें, संकट आल्यावर प्रार्थनेस बसावयाचें, हा त्याच हळदीचा प्रकार. रॉक्नी आणि डोराइस वाळूंत धांवत होते तेव्हां सामना महिन्यांपलीकडे होता. तरुणांनो, तुमचा सामना केव्हां आणि कोठें ठरेल हें तुम्हांस आज ठाऊक नाहीं. पण ज्या संवयी त्या दिवशीं उपयोगीं पडावयाच्या, त्या आज या गांवांत, आपल्या घरांत, आपल्या शाळेंत आणि या देवळांतच लागावयाच्या आहेत.

वडील मंडळींसही एक शब्द. हार्पर यांनीं दहा दारें ठोठावलीं तेव्हां मुलांस खेळावयास मैदान मिळालें. भोजनगृहांतील मंडळींनीं शिदोरी बांधून दिली तेव्हां मुलें आठशें मैल गेलीं. त्या शिदोरी बांधणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही वृत्तपत्रांत आलीं नाहींत. आपल्या धर्मग्रामांतही अशा अनामिक हातांची परंपरा आहे. मुलाच्या फीसाठीं बांगडी मोडणारी माता, स्वतः शाळा न पाहिलेला पण मुलांस शाळेंत पोहोंचविणारा पिता, संध्याकाळीं मुलांस जमवून शिकविणारे गुरुजी, हे सर्व त्याच पंक्तींतले. आजची ज्युबिली ही त्यांचीही आहे. त्यांच्या ऋणाची फेड करावयाची तर एकच मार्ग आम्हांस दिसतो : येत्या पिढीस अभ्यासास एक शांत खोली, खेळावयास एक मोकळी जागा आणि दार ठोठावून देणारा एक वडील माणूस, एवढें तरी या धर्मग्रामांत कमी पडूं देऊं नये.

परमेश्वर आपल्या तरुणांस परक्या मैदानावर सुरक्षित ठेवो, जिंकल्यास नम्र आणि हरल्यास शहाणे करो, आणि पवित्र मातेचें छत्र घरीं राहणाऱ्यांवर व दूर गेलेल्यांवर सारखेंच असो, एवढीच आमची प्रार्थना आहे.